दहा बाय दहाच्या खोलीतले दोन गुलाबी

"गुलाबी तो गुलाबी. दोन नमुने समोर ठेवून आठवडाभर विचार करायला आपण काय बंगल्यात राहतो?" डोंबिवलीत घर रंगवायला काढलेल्या माणसाला हे वाक्य कोणी ना कोणी ऐकवतंच. कधी ठेकेदार, कधी शेजारी, बहुतेकदा घरातलंच वडीलधारं माणूस. हेतू वाईट नसतो. काम अडू नये, पैसे वाया जाऊ नयेत, एवढंच बोलणाऱ्याला हवं असतं. पण त्याच्या बोलण्यात एक गृहीतक आहे, आणि ते इतकं अंगवळणी पडलं आहे की कोणी तपासूनही पाहत नाही. रंग पारखून घेणं ही ऐसपैस घरांची चैन आहे, लहान घरवाल्यानं पहिला दिसेल तो डबा उचलावा आणि मोकळं व्हावं, असं ते गृहीतक. मला ते मुळातूनच चुकीचं वाटतं. दोन जवळच्या छटांमधली निवड मोठ्या घरात चुकली तरी निभावते. लहान घरात निभावत नाही.

हिशोबच मांडून बघू. दहा बाय दहाची बेडरूम, उंची साडेनऊ फूट. चार भिंतींचं क्षेत्रफळ ३८० चौरस फूट, छत आणि फरशी मिळून २००. दार-खिडकी क्षणभर बाजूला ठेवली, तर माणसाभोवती जे काही आहे त्यातलं ६५ टक्के म्हणजे भिंत. आता वीस बाय तीसचा दिवाणखाना घ्या, उंची तीच. भिंती ९५० चौरस फूट, छत-फरशी १२००. भिंतींचा वाटा ४४ टक्क्यांवर येतो. शिवाय तिथे भिंत माणसापासून दहा-पंधरा फुटांवर असते. आपल्याकडे पलंग भिंतीला टेकलेला, टेबल भिंतीला टेकलेलं, उशी भिंतीला टेकलेली. मोठ्या घरात भिंतीचा रंग लांबून दिसतो, लहान घरात माणूस त्या रंगाच्या आत राहतो.

आणि प्रकाश भिंतीवर एकदा पडून थांबत नाही. तो एका भिंतीवरून समोरच्या भिंतीवर जातो, तिथून परत येतो, आणि प्रत्येक फेरीत भिंत त्यातला आपल्याला नको तो भाग खाते. उदाहरणादाखल दोन फिकट गुलाबी धरू. दोन्ही रंग लाल प्रकाशातला ८० टक्के भाग परत करतात. हिरव्या प्रकाशातला पहिला ६४ टक्के परत करतो, दुसरा ६० टक्के. शेडकार्डवर हे चौकोन शेजारीशेजारी असतील तर दुकानातल्या गर्दीत त्यांतला फरक सांगणं सोपं नाही. पहिल्या रंगात लाल हिरव्याच्या सव्वापट, दुसऱ्यात १.३३ पट. दोन फेऱ्यांनंतर हेच आकडे १.५६ आणि १.७८ होतात, तीन फेऱ्यांनंतर १.९५ आणि २.३७. खोलीत थेट पडलेला प्रकाशही असतो, म्हणून प्रत्यक्ष परिणाम इतका टोकाला जात नाही. दिशा मात्र हीच राहते. कार्डवर बोटभर चौकोनात जे अंतर नखाएवढं होतं, ते चारही भिंती रंगल्यावर वाढतं. "भिंतीवर गेल्यावर दोन्ही सारखेच दिसतील" असं म्हणणाऱ्याला निसर्गाचा हा साधा नियमच आड येतो.

दोन गुलाबींमधला फरक बहुतेक वेळा फिकट-गडदाचा नसतोच. तो झुकण्याचा असतो. एक गुलाबी अबोलीकडे झुकतो, त्याच्यात पिवळसर ऊब असते. दुसरा गुलबक्षीकडे झुकतो, त्याच्यात निळसर छटा लपलेली असते. टिंटिंग मशीन पांढऱ्या बेसमध्ये थेंबाथेंबानं रंगद्रव्यं सोडतं तेव्हा या दोघांच्या पाककृती वेगळ्या असतात. अबोलीकडचा गुलाबी बराचसा रेड ऑक्साइडमधून येऊ शकतो. हे लोखंडाचं ऑक्साइड, गेरू हे त्याचंच नैसर्गिक रूप. गुलबक्षीकडचा गुलाबी रेड ऑक्साइडमधून निघत नाही, त्याला क्विनाक्रिडोनसारखं सेंद्रिय रंगद्रव्य लागतं. लोखंडाचं ऑक्साइड ऊन, चुना, ओल, क्षार सगळं पचवतं. सेंद्रिय लालांमध्ये मात्र फार मोठी तफावत आहे. क्विनाक्रिडोन टिकाऊ, काही स्वस्त लाल मात्र पांढऱ्यात मिसळून फिकट केले की उन्हात लवकर विटतात. जिथे जूनपासून भिंतीला ओल धरते आणि पश्चिमेच्या खिडकीतून मार्च-एप्रिलचं ऊन थेट आत येतं, तिथे ही माहिती रिकामपणची म्हणता येणार नाही. पाच वर्षांनी कपाट हलवल्यावर भिंतीवर त्याचा चौकोन दिसणार की नाही, हे त्या डब्यात कोणतं लाल पडलं आहे त्यावर ठरतं.

यातूनच आणखी एक अडचण उभी राहते. वेगवेगळ्या रंगद्रव्यांतून बनलेले दोन रंग एका दिव्याखाली तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्या दिव्याखाली फारकत घेतात. रंगशास्त्रात अशा जोड्यांना मेटॅमेरिक म्हणतात. दुकानातल्या ट्यूबखाली "दोन्ही एकच" वाटले, म्हणून ते घरीही एकच राहतील याची काहीही हमी नाही. "मशीननं बनवलंय, फरक कशाला पडेल?" असं दुकानात ऐकवतात. मशीन ठरलेल्या कोडप्रमाणे माप घालतं. तुमच्या खोलीत कोणता बल्ब आहे हे मशीनला माहीत नसतं.

डोंबिवलीत तर हा बल्ब फार महत्त्वाचा. डोंबिवली ते सीएसएमटी ४८ किलोमीटर. जलद लोकलनंही तासाहून जास्त, त्यात घरापासून स्टेशन आणि स्टेशनपासून ऑफिस धरलं तर कामावर जाणारा माणूस सकाळी उजाडता उजाडता बाहेर पडतो आणि दिवे लागल्यावर परततो. तो आपली खोली आठवड्यातले पाच-सहा दिवस फक्त दिव्याच्या उजेडात पाहतो. आणि रंग ठरवतो कधी? रविवारी दुपारी, दुकानाच्या काउंटरवर. २०१५ मध्ये उजाला योजना आली आणि एलईडी बल्ब घरोघर पोचले. विजेच्या बिलाच्या दृष्टीनं ते उत्तमच झालं. पण साधा पांढरा एलईडी म्हणजे निळ्या प्रकाशाची चिप आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर. त्याच्या प्रकाशात गडद लाल भाग कमी असतो. बल्बच्या खोक्यावर रंग किती खरे दिसतील ते सांगणारा सीआरआय हा आकडा छापतात. तो आठ फिकट नमुन्यांच्या सरासरीवरून काढतात आणि गडद लाल नमुना, ज्याला आर-९ म्हणतात, त्या सरासरीत धरतच नाहीत. म्हणजे ८० सीआरआयचा बल्ब लालाच्या बाबतीत पार नापास असू शकतो. बहुतेक घरांत ६५०० केल्विनचा पांढराफटक दिवा असतो. त्याच्याखाली गुलबक्षीकडचा गुलाबी जांभळट आणि थंड दिसतो, अबोलीकडचा त्यातल्या त्यात तग धरतो. ३००० केल्विनचा पिवळसर दिवा लावला की चित्र उलटं होतं, अबोलीकडचा गुलाबी थेट नारिंगीकडे सरकतो. दोन्ही रंग तेच, भिंत तीच.

दिवसाचा उजेडही आपल्याकडे आभाळातून सरळ येत नाही. समोरची इमारत हाताच्या अंतरावर. तिची भिंत पिवळी असेल तर दुपारभर तुमच्या खोलीत पिवळा उजेड. पावसाळ्यात खिडकीच्या ग्रिलवर निळी ताडपत्री चढली की चार महिने खोलीत निळसर उजेड. मोठ्या बागेकडे उघडणाऱ्या खिडकीत कुठलाही गुलाबी खपून जातो. ताडपत्रीमागच्या खोलीत गुलबक्षीकडचा गुलाबी मलूल दिसतो. हे ज्याला सोसायचं आहे त्यानंच रंग आधी पारखून घ्यायला हवा.

आता डोळ्याच्या सवयीचा मुद्दा. विरोधकांकडचा हा सर्वांत बळकट युक्तिवाद आहे आणि त्यातला खरा भाग मी आनंदानं मान्य करतो. डोळा खरोखरच सरावतो, आणि फार लवकर सरावतो. दिव्याचा रंग बदलला की एक-दोन मिनिटांत दृष्टी बरीचशी जुळवून घेते. म्हणूनच पिवळ्या दिव्याखालीही आपल्याला पांढरा कागद पांढराच वाटतो. पण हा सराव नेमकं काय करतो ते पाहा. तो सगळं दृश्य एकत्र एका बाजूला सरकवतो. त्या दृश्यातल्या दोन वस्तूंमधलं अंतर तो मिटवत नाही. भिंतीशेजारी पांढरी चादर असते, भिंतीवर पांढरं छत टेकलेलं असतं, समोर माणसाचा चेहरा असतो. भिंत जांभळट असेल तर चादर आणि भिंत यांतलं नातं सवयीनंतरही जांभळटच राहतं. ते नातं आपण दर संध्याकाळी नव्यानं पाहतो. सवय होते ती बहुतेकदा दुसऱ्याच गोष्टीची. माणूस तक्रार करायचं सोडून देतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की त्याला आता फरक दिसत नाही.

शेजारच्या रंगाचं बळ काय असतं हे रंगारी लोकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. पॅरिसच्या गोब्लँ गालिचा कारखान्यात मिशेल शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळा रंग फिका पडतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासून पाहिलं, तर रंगात दोष नव्हता. काळ्याच्या शेजारी जे दुसरे रंग विणले होते त्यांच्यामुळे तो फिका दिसत होता. १८३९ मध्ये त्यांनी यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणूनच जुन्या हिरव्या किंवा निळ्या भिंतीवर थेट मारलेला गुलाबीचा पट्टा बघून निर्णय घेऊ नये. हिरव्याच्या कुशीत कुठलाही गुलाबी भडक वाटतो. माणूस घाबरून फिकट छटा निवडतो, आणि सगळी खोली रंगल्यावर ती आजारी दिसते.

वडीलधाऱ्यांचं एक आवडतं आश्वासन असतं: "सुकल्यावर उतरेल." त्यांचा अनुभव खोटा नाही, पण तो चुन्याचा आहे. चाळीतल्या भिंतींना चुन्यात रंग कालवून हात देत असत. ओला चुना गडद दिसतो आणि वाळला की खूपच फिकट होतो. डिस्टेंपरही वाळताना उतरतो. आजचं इमल्शन याच्या उलट वागतं. त्यातला चिकट घटक ओला असताना दुधाळ असतो, वाळताना पारदर्शक होतो, म्हणून रंग ओला असताना थोडा फिकट आणि वाळल्यावर थोडा गडद दिसतो. दोन गुलाबींमधला जरा गडद डबा "उतरेलच" या भरवशावर उचलला, तर तो चढलेला पाहायची तयारी ठेवावी.

एक आक्षेप माझ्या जिव्हारी लागतो, कारण त्यामागचा राग खरा आहे. ज्या गावात रस्तेच गुलाबी होतात, तिथे भिंतीच्या गुलाबीची चर्चा शोभते का, असं विचारलं जातं. २०१४ च्या जानेवारीत इथे हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, त्याची छायाचित्रं देशभर गेली, आणि तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे स्वतः पाहणीला आले. त्या रस्त्याकडे पाहून डोंबिवलीत कोणीही "गुलाबी तो गुलाबी" म्हणालं नाही. तो रंग गुलालाचा नाही, फुलाचा नाही, कारखान्यातल्या रसायनाचा आहे, हे लहान मुलांनीही ओळखलं. विद्राव्य रंग पाण्यात विरघळतो, वाहतो, चपलेला लागतो, घरात येतो. भिंतीच्या रंगातलं रंगद्रव्य पाण्यात विरघळत नाही, ते कणांच्या रूपात जिथल्या तिथे बसून राहतं. पारखी नजर असलेल्या माणसालाच हा भेद पटकन जाणवतो. जो आपल्या भिंतीवरचे दोन गुलाबी वेगळे ओळखू शकतो तो नाल्याच्या पाण्यातला बदलही आधी ओळखेल. आणि हवा, पाणी, लोकलची गर्दी यांवर आपलं एकट्याचं काही चालत नाही म्हणून जी एक खोली आपल्या हातात आहे तीही वाऱ्यावर सोडायची, हा कुठला न्याय? मी दोन्हींसाठी भांडेन.

याच घरांमधली पारख दुसरीकडे मात्र कोणी चैन म्हणून हिणवत नाही. लग्नाचा बस्ता काढताना आजी साडी काउंटरवरून उचलते, दुकानाच्या दाराशी नेते आणि उजेडात उलगडून बघते. राणी रंग आणि गुलबक्षी यांत तिची गफलत होत नाही. पदर आणि ब्लाउजपीस यांतला केसभर फरकही तिच्या नजरेतून सुटत नाही. दुकानदार मुकाट्यानं दारापर्यंत येतो, कारण गिऱ्हाईक बरोबर आहे हे त्याला कळतं. साडी वर्षातून चारदा नेसली जाते. भिंत सात-आठ वर्षं रोज समोर असते. तरी त्याच आजीनं, त्याच सुनेनं दोन शेडकार्डं खिडकीशी धरली की "बायकांचं काहीतरी" अशी संभावना होते. गुलाबीच्या बाबतीत ती जरा जास्तच होते, कारण हा रंग मुलींच्या खोलीचा म्हणून आधीच हलका धरलेला असतो. लग्नात पुरुष गुलाबी फेटे बांधून मिरवतात तेव्हा तो हलका वाटत नाही.

दुसऱ्या टोकाला उभे असलेले लोकही मला तितकेच अमान्य आहेत. अमुक गुलाबी लावला की मन शांत होतं, तमुक लावला की नाती जुळतात, असं सांगून एक छटा दुसरीपेक्षा महाग विकणारे. या समजाचं मूळ अमेरिकेत आहे. १९७९ मध्ये सिएटलच्या नौदल तुरुंगात अलेक्झांडर शाउस यांच्या सूचनेवरून कोठडी एका खास गुलाबीनं रंगवली, आणि कैदी शांत झाल्याचं सांगितलं गेलं. तिथल्या दोन अधिकाऱ्यांच्या नावावरून तो रंग बेकर-मिलर पिंक म्हणून ओळखला जाऊ लागला. नंतरच्या काटेकोर प्रयोगांत हा दावा टिकला नाही. स्वित्झर्लंडमधल्या तुरुंगात केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गुलाबी कोठडीनं कैद्यांची आक्रमकता कमी झाल्याचं आढळलं नाही. माझं म्हणणं रंग औषध आहे असं नाही. रंग नीट दिसावा, त्यात आपला माणूस निरोगी दिसावा, विकत घेतला तोच रंग संध्याकाळी भिंतीवर असावा, एवढंच मागणं आहे. मोबाइलवर खोलीचा फोटो टाकून भिंत रंगवून दाखवणाऱ्या सोयीवरही भिस्त नको. पडदा स्वतः उजळतो, भिंत आलेला उजेड परत करते, आणि दोन फोनांवर एकच छटा दोन तऱ्हांची दिसते.

आपण "गुलाबी शहर" म्हणतो त्या जयपूरचं उदाहरणही पुष्कळदा चुकीच्या बाजूनं दिलं जातं. १८७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीसाठी शहर रंगवलं गेलं, तो रंग गेरूच्या घरातला, विटकरीकडे झुकणारा. तो राजस्थानच्या उन्हात, दगडी जाळ्यांवर, उघड्या आभाळाखाली शोभतो. तोच रंग इथल्या ताडपत्रीमागच्या बेडरूममध्ये लावला तर भिंतीला लोणा लागल्यासारखं दिसेल.

तेव्हा दोन गुलाबींमध्ये अडकलेल्या घरानं काय करावं, तर सरळ भिंतीवरच तुलना करावी. दोन्ही छटांचा सर्वांत लहान डबा आणावा. पुट्टी आणि प्रायमर झालेल्या पांढऱ्या भिंतीवर, मध्ये हातभर पांढरी जागा सोडून, प्रत्येकाचा तीन फुटी पट्टा दोन हात देऊन मारावा. एक जोडी खिडकीसमोर, दुसरी कोपऱ्यात, कारण कोपऱ्यात भिंती एकमेकींवर उजेड टाकतात आणि पूर्ण रंगलेली खोली कशी दिसेल याचा अंदाज तिथेच येतो. पूर्ण वाळू द्यावं. सकाळी बघावं, दुपारी बघावं, पण निर्णय रात्री आठनंतर, घरातल्या नेहमीच्या दिव्याखाली घ्यावा. शेजारी पांढरी चादर धरावी, हात धरावा. ज्या पट्ट्यापुढे हाताची त्वचा निस्तेज किंवा हिरवट दिसते तो बाद. मग लागणारा सगळा रंग एकदाच घ्यावा आणि सगळे डबे एकत्र मिसळून वापरावा, म्हणजे दोन डब्यांमधला बारीक फरक भिंतीच्या मध्यावर उघडा पडत नाही.

"यात रंगाऱ्याचा दिवस जातो, त्याचं काय?" हा शेवटचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर रंगाऱ्याच्या बाजूनंच द्यायला हवं. पट्टे मारायला त्यानं फुकट यावं अशी अपेक्षा ठेवणारं गिऱ्हाईक चुकीचंच. दहा बाय दहाच्या खोलीला, दार-खिडकी वजा जाता तीनशे-सव्वातीनशे चौरस फुटांना, दोन हातांसाठी साधारण अडीच लिटर रंग लागतो. नमुन्याचा एक जादा लिटर आणि अर्ध्या दिवसाची मजुरी हा खर्च दिसतो. पण खोली परत रंगवायची वेळ आली तर पलंग-कपाट हलवून, सामान झाकून, पुन्हा घासून, पुन्हा दोन हात द्यावे लागतात, आणि तेव्हा वाद मजुरीवरूनच पेटतो. ठेकेदारांनी दरपत्रकातच एक ओळ घालावी: नमुन्याचे पट्टे, दोन छटा, दोन हात, त्याचे वेगळे पैसे. रंगाच्या दुकानदारांनी काउंटरवर एक पांढरा आणि एक पिवळसर एलईडी शेजारीशेजारी लावावा, आणि साडीच्या दुकानासारखं शेडकार्ड दाराशी नेऊ द्यावं. आणि गिऱ्हाइकानं ती दरपत्रकातली ओळ खोडायला सांगू नये.